पॉइंटांची शिदोरी : जोयड्याहून मुंबईची चार दिवसांची सहल



रक्तदाब वाढलेल्या रुग्णाला आपण औषधाबरोबर एक सल्ला हमखास देतो, "चार दिवस कुठेतरी जाऊन या." हाच सल्ला स्वतःला देणारा वैद्य मात्र विरळाच. शहरातल्या व्यवसायबंधूंना निदान एकमेकांवर काम सोपवून निघता येते. जोयड्यासारख्या तालुक्यात परिस्थिती निराळी आहे. काळी नदीचे खोरे, दोन्ही अंगांना काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य, विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यात बेभरवशाचे होणारे रस्ते. अशा ठिकाणी दवाखान्याच्या दारावर 'चार दिवस बंद' अशी पाटी लावताना हात अडखळतो. त्यातून मनाची तयारी झालीच, तर खर्चाचा आकडा समोर उभा राहतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो.

या खर्चाच्या बाजूचा विचार करताना गेली काही वर्षे मी एका साधनाचा उपयोग करीत आलो आहे. ते म्हणजे क्रेडिट कार्ड, रेल्वे, विमान कंपन्या आणि हॉटेले यांच्याकडून खरेदीच्या बदल्यात मिळणारे पॉइंट. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाविषयी विचारले, तेव्हा मधुमेह किंवा सर्पदंश या नेहमीच्या विषयांऐवजी हाच विषय घ्यावा असे वाटले. स्मरणिकेचे वाचक केवळ डॉक्टर नाहीत. आपल्या समाजातील शिक्षक, बँक कर्मचारी, व्यापारी, तसेच आपल्या दवाखान्यांतील परिचारिका आणि मदतनीस हेही ती वाचतात. म्हणून एकच सहल, जोयडा ते मुंबई, तीन निरनिराळ्या ऐपतींच्या कुटुंबांनी कशी आखावी, हे येथे मांडत आहे.

पॉइंट म्हणजे नेमके काय?

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील विमान व्यवसायात आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नित्याच्या प्रवाशांसाठी मैल मोजण्याची योजना सुरू केली. जितके मैल प्रवास, तितके खात्यात जमा, आणि ठरावीक संख्येनंतर एक तिकीट विनामूल्य. इतर कंपन्यांनी तिचे लगोलग अनुकरण केले. पुढे बँकांनी हे मैल घाऊक दराने विकत घेऊन आपल्या कार्डधारकांना वाटायला आरंभ केला. त्यामुळे विमानात पाऊलही न टाकता मैल जमू लागले.

आपल्याकडे एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' ही योजना पुष्कळांना परिचित होती. २०२५ मध्ये तिचे नाव 'महाराजा क्लब' झाले. इंडिगोने २०२४ मध्ये 'ब्लूचिप' नावाची योजना आणली. रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळाशी जोडलेली कार्डे आहेत. त्यांचा एक पॉइंट साधारणपणे एका रुपयाचा असतो आणि तो रेल्वेच्या तिकिटासाठीच वापरता येतो. टाटा समूहाची 'न्यू कॉइन' ही नाणीही एक रुपया मोलाची असून समूहाच्या दुकानांप्रमाणे ताज हॉटेलांतही चालतात.

हे पॉइंट म्हणजे दान नव्हे. दुकानदार कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे बँकेला काही टक्के देतो, आणि त्यातला लहानसा वाटा आपल्याला परत मिळतो. ज्यांची थकबाकी राहते त्यांच्याकडून मिळणारे व्याजही बँकेच्या या औदार्यामागे असते. ही शरीररचना ध्यानात घेतली की पुढील सर्व विवेचन सोपे होते.

भेट आणि पॉइंट यांतील अंतर

डॉक्टरांच्या सहली आणि 'योजना' हे शब्द एकत्र आले की काही वाचकांच्या भुवया उंचावतील. ते योग्यच आहे. एके काळी औषध कंपन्यांच्या खर्चाने सहकुटुंब प्रवास ही गोष्ट उघडपणे चालत असे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि निवास स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या औषध विभागाने औषध विपणनाची एकसमान संहिता जाहीर केली. तिच्यातही डॉक्टर आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या प्रवासाचा व हॉटेलचा खर्च कंपनीने करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. परिषदेत व्याख्याता म्हणून बोलावलेल्यांचा अपवाद तेवढा आहे.

पॉइंट या वर्गात मोडत नाहीत, कारण ते आपण केलेल्या खर्चावर, सर्व ग्राहकांना लागू असलेल्या नियमाने मिळतात. कोणते औषध लिहावे याच्याशी त्यांचा संबंध नसतो. तथापि सीमारेषा सांभाळावी लागते. एखादा औषध विक्रेता 'इतक्या रकमेची खरेदी करा, कुटुंबाला सहल मिळेल' असे म्हणू लागला, तर तो पॉइंट नव्हे. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात व्यवसायानिमित्त मिळणाऱ्या अशा लाभांवर मुळातून करकपातीची तरतूद झाली, यावरूनही त्याचे स्वरूप समजावे. माझा स्वतःचा साधा नियम आहे. दवाखान्याचा खर्च एका कार्डावर, घरचा दुसऱ्यावर, आणि औषधांची निवड या दोहोंचा विचार न करता.

हिशेबाचे सूत्र

औषधाची मात्रा जशी वजनावरून काढतो, तशी पॉइंटची किंमत एका भागाकारावरून काढावी. तिकिटाचे रोख भाडे घ्या. पॉइंट वापरूनही जे कर आणि शुल्क रोख भरावे लागतात, ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागा.

उदाहरणार्थ, एका विमान तिकिटाचे भाडे ५,००० रुपये आहे. पॉइंटने घेतल्यास ९,००० पॉइंट आणि १,२०० रुपये रोख लागतात. ३,८०० ला ९,००० ने भागले, की एका पॉइंटचे मोल सुमारे ४२ पैसे येते. हेच पॉइंट बँकेच्या सूचीतल्या मिक्सरसाठी दिले तर २०-२५ पैसेच मिळत असतील. अशा वेळी मिक्सर रोखीने घ्यावा आणि पॉइंट प्रवासासाठी ठेवावेत. उलट, दिवाळीच्या गर्दीत तेच तिकीट ११,००० रुपयांना गेले आणि पॉइंटची संख्या मात्र ९,००० च राहिली, तर पॉइंटला १ रुपया ९ पैसे मोल येते. मात्र अलीकडे अनेक योजनांत भाड्याबरोबर पॉइंटही वाढतात, त्यामुळे प्रत्येक वेळी भागाकार नव्याने करावा.

दुसरे सूत्र मिळकतीचे. शंभर रुपयांना एक रुपयाचा पॉइंट, म्हणजे एक टक्का, हा दर मी पुढील उदाहरणांत धरला आहे. काही कार्डे यापेक्षा अधिक देतात, पण इंधन, घरभाडे, विमा हप्ते, शाळेची फी, सरकारी देयके यांवर अनेक कार्डे कमी पॉइंट देतात किंवा मुळीच देत नाहीत. डॉक्टरांचे मोठे खर्च नेमके यांतच असतात! म्हणून कार्ड घेण्याआधी आपल्या मागील वर्षाच्या खर्चाची यादी करून, त्यातील किती रकमेवर खरोखर पॉइंट मिळतील हे पाहावे.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळू. कुटुंब चौघांचे, दोन रात्री प्रवासात आणि तीन रात्री मुंबईत असे गृहीत धरले आहे. भाड्यांचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. तिकीट काढतेवेळी त्यांत फरक पडेल.

पहिली पायरी : पंधरा हजारांची सहल

माझ्या दवाखान्यातील सिस्टर गेली कित्येक वर्षे माझ्यासोबत काम करतात. त्यांचे माहेर रामनगरचे. सुपा धरणाच्या पाण्यात जुने सुपा गाव गेले, तेव्हा तेथील अनेक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. त्यांतलेच हे एक. ज्या घरांच्या वाट्याला 'प्रवास' हा शब्द विस्थापनाच्या रूपाने आला, त्या घरातल्या मुलीने एके दिवशी औषधांची कपाटे लावता लावता विचारले, "डॉक्टर, मुलांना एकदा मुंबई दाखवायची आहे. आमच्यासारख्यांना जमेल का हो?"

जमेल. जोयड्याहून लोंढा स्थानकापर्यंतचा प्रवास राज्य परिवहनाच्या साध्या बसने करावा. कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेमुळे ११ जून २०२३ पासून राज्यातील रहिवासी स्त्रियांना साध्या आणि जलद बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट लागत नाही. ओळखपत्र मात्र जवळ हवे. लोंढ्याहून बेळगाव, मिरज, पुणे मार्गे दादरला जाणारी रात्रीची गाडी मिळते. स्लीपर वर्गाचे भाडे दरडोई ४०० रुपये धरले, तर चौघांचे जाऊन-येऊन ३,२०० होतात. तीन रात्रींचा साधा लॉज दिवसाला १,५०० प्रमाणे ४,५००. चार दिवसांचे जेवणखाण ४,८००. लोकल आणि बस १,०००. प्रवेशशुल्क व किरकोळ १,५००. एकूण १५,००० रुपये.

यातील ३,२०० रुपये रेल्वेच्या पॉइंटांतून भागू शकतात. सिस्टरांकडे क्रेडिट कार्ड नाही आणि त्यांनी ते केवळ पॉइंटसाठी घ्यावे असे मी सुचवणार नाही. पण माझ्या खात्यात पॉइंट आहेत. वैयक्तिक खात्यावरून आप्त, मित्र यांच्यासाठी तिकीट काढणे नियमबाह्य नाही, असा खुलासा रेल्वेने जून २०२४ मध्ये केला आहे. त्याचा व्यापार करणे मात्र १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४३ व्या कलमाखाली गुन्हा आहे. तेव्हा ही तिकिटे मी दिवाळीची भेट म्हणून दिली आणि त्यापोटी एक रुपयाही घेतला नाही. एक टक्का दराने ३,२०० पॉइंट म्हणजे ३,२०,००० रुपयांचा खर्च. औषधांची खरेदी कार्डावर करणाऱ्या लहान दवाखान्यात इतकी रक्कम जमायला फार काळ लागत नाही. ज्यांच्या हातांनी ती औषधे रोज रुग्णांपर्यंत पोहोचतात, त्यांच्याकडे त्यातील काही अंश परत जावा, यात औदार्यापेक्षा न्यायच अधिक आहे.

या पायरीवर निवासाची एक सोय अनेकांना माहीत नसते. मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्या विश्रांतिखोल्या आणि सामायिक शयनगृहे असतात. निश्चित झालेल्या तिकिटाच्या आधारे ती आरक्षित करता येतात. लोकल गाड्यांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते. तसेच महाराष्ट्र राज्य परिवहनाच्या बसमध्ये १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे लागते. परतीच्या वाटेवर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनासाठी उतरायचे असेल, तर महाराष्ट्राच्या हद्दीपुरता त्याचा लाभ होईल.

दुसरी पायरी : चाळीस हजारांची सहल

ही पायरी शिक्षक, बँक कर्मचारी किंवा नुकताच व्यवसाय सुरू केलेले तरुण डॉक्टर यांच्यासाठी. वातानुकूलित तृतीय वर्ग दरडोई १,०५० धरल्यास जाऊन-येऊन ८,४००. दादर-माटुंगा परिसरातील मध्यम हॉटेलात चौघांची खोली दिवसाला ४,०००, म्हणजे १२,०००. जेवणखाण १२,०००. टॅक्सी, मेट्रो ३,६००. नाटक, संग्रहालये, घारापुरीची बोट ४,०००. एकूण ४०,०००.

येथे १०,००० रुपयांचे पॉइंट हाताशी असतील तर प्रथम रेल्वेची तिकिटे काढावीत आणि उरलेले १,६०० हॉटेलकडे वळवावेत. हाती ३०,००० चा खर्च उरतो. मात्र हॉटेलच्या बाबतीत एक दक्षता हवी. पॉइंटच्या संकेतस्थळावर दिसणारा खोलीचा दर आणि हॉटेलला थेट दूरध्वनी करून विचारलेला दर यांची तुलना करावी. थेट दर हजार रुपयांनी कमी आणि न्याहारीसह मिळत असेल, तर हजाराचे पॉइंट वापरून आपण काहीच मिळवले नाही.

ज्यांना दिवसा प्रवास आवडतो, त्यांच्यासाठी दुसरे दोन मार्ग आहेत. १६ सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत गाडी बेळगावमार्गे ठरावीक वारी धावू लागली आहे. पुण्यात एक मुक्काम करून पुढे जाता येते. दुसरा मार्ग कोकण रेल्वेचा, मडगाव किंवा कारवारहून. २७ जून २०२३ रोजी मडगाव-मुंबई वंदे भारत सुरू झाली. कुंभारवाडा, अणशी या बाजूच्या लोकांना कारवार अधिक सोयीचे.

आरक्षणाचे वेळापत्रक बदलले आहे, हे ध्यानात असू द्यावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. फेब्रुवारीच्या सहलीचे तिकीट डिसेंबरमध्ये काढावे लागेल. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधारशी जोडलेले खाते आवश्यक झाले आहे. आईवडिलांना बरोबर नेणार असाल, तर ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झालेली आहे, हेही गृहीत धरून चाला.

तिसरी पायरी : एक लाख चाळीस हजारांची सहल

स्थिरावलेल्या व्यवसायबंधूंसाठी विमानाचा मार्ग. जोयड्यापासून बेळगाव, हुबळी आणि गोवा या तिन्ही दिशांना विमानतळ आहेत. गोव्यात दाभोळीबरोबर मोपा येथील मनोहर विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे होतात. मोपा जोयड्यापासून दाभोळीपेक्षा लांब पडते, आणि स्वस्त तिकिटातील बचत मोटारीच्या भाड्यात जाऊ शकते. मुंबईतही आता तीच दक्षता हवी. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतूक सुरू झाली. दादरला उतरायचे असताना तिकीट नवी मुंबईचे नाही ना, हे पाहावे.

दरडोई एकेरी ५,००० प्रमाणे आठ तिकिटांचे ४०,०००. विमानतळापर्यंतची मोटार ६,०००. दोन खोल्या, तीन रात्री, १०,००० प्रमाणे ६०,०००. जेवणखाण २०,०००. टॅक्सी ८,०००. इतर ६,०००. एकूण १,४०,०००. आठही तिकिटे पॉइंटने काढली, तरी दर तिकिटामागे १,२०० रुपये कर आणि शुल्काचे भरावे लागतील असे समजू. वाचले ३०,४००, उरला खर्च १,०९,६००.

आता तिन्ही पायऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिलीत पॉइंटांनी २१ टक्के भार उचलला, दुसरीत २५, तिसरीत सुमारे २२. 'फुकट प्रवास' ही जाहिरातीची भाषा झाली. माझ्या या उदाहरणांत पॉइंट खर्चाचा पाचवा ते चौथा हिस्सा उचलतात, त्यापलीकडे नाही. आणि त्यासाठी एक टक्का दराने अनुक्रमे ३ लाख २० हजार, १० लाख आणि ३० लाख ४० हजार रुपये कार्डावरून जावे लागतात. पायरी चढत जावी तसा पॉइंटचा लाभ वाढतो, पण खिशातून जाणारी रोख रक्कमही ११,८०० वरून १,०९,६०० वर जाते. ज्या पायरीवर आपण रोखीनेही उभे राहू शकतो, तीच आपली पायरी.

मुंबईत काय पाहावे?

मुंबईची स्थळे सर्वांना ठाऊक आहेत. गेटवे ऑफ इंडिया, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली घारापुरीची लेणी (ती सोमवारी बंद असतात), २००४ मध्ये त्याच यादीत आलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि मुलांसाठी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र व तारांगण. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागल्याने दादर, सिद्धिविनायक आणि दक्षिण मुंबई एका सूत्रात आली आहेत. संध्याकाळी दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात मराठी नाटक पाहावे. आपल्या भागात व्यावसायिक नाटक क्वचितच येते, म्हणून हा आनंद सोडू नये. फेब्रुवारीच्या आरंभी गेलात तर १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव साधारण त्याच सुमारास असतो, आणि त्यातील कार्यक्रम विनामूल्य असतात. कमी खर्चाच्या सहलीला यासारखा दुसरा योग नाही.

डॉक्टर वाचकांना मात्र एक सकाळ वेगळी काढण्याची विनंती आहे. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये जनतेसाठी खुले झालेल्या या संग्रहालयाला १९७५ मध्ये ज्यांचे नाव देण्यात आले, ते भाऊ दाजी आपल्या शेजारच्या गोव्यातील मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील ते पदवीधर. कुष्ठरोगावरील उपचारांचा शोध, प्राचीन शिलालेखांचे वाचन, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार, हे सारे एका व्यवसायी डॉक्टरने केले. तेथून १८४५ मध्ये स्थापन झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय दूर नाही. परळला १९२६ मध्ये सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि जवळच हाफकिन संस्था आहे. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ती याच शहरात. आपल्या मुलांना या इमारती बाहेरून दाखवून दोन वाक्ये सांगितली, तरी पुष्कळ आहे. संग्रहालयांचे सुटीचे वार आणि वेळा मात्र निघण्यापूर्वी दूरध्वनीने विचारून घ्याव्यात.

पथ्य आणि अपथ्य

प्रत्येक औषधाला निषेध असतात, तसे पॉइंटांनाही आहेत.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निषेध थकबाकीचा. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ४०,००० रुपयांच्या सहलीचे पैसे एक महिना थकले, तर १,४०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २५२, म्हणजे १,६५२ रुपये जातात. त्याच खर्चावर मिळालेले पॉइंट असतात ४०० रुपयांचे. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा संरक्षण कायद्याकडून नव्हे, आपल्या शिस्तीकडूनच मिळणार आहे. संपूर्ण रक्कम मुदतीपूर्वी भरण्याची खात्री नसेल, त्याने पॉइंटच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा निषेध साठवणुकीचा. पॉइंट म्हणजे मुदत ठेव नव्हे. त्यांवर व्याज मिळत नाही, त्यांना मुदत असते आणि त्यांचे मोल कंपनी एकतर्फी बदलू शकते. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे पॉइंट निदान दुसऱ्या योजनेत गेले. दर वेळी असे भाग्य लाभेलच असे नाही. औषधाच्या बाटलीवरची मुदत जशी आपण पाहतो, तशी दर तीन महिन्यांनी पॉइंटची पाहावी.

तिसरा निषेध गरज नसलेल्या खरेदीचा. पॉइंटसाठी केलेली अनावश्यक खरेदी म्हणजे व्याधीवाचून औषध. चौथा, अपरिचितांच्या दूरध्वनीचा. 'तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, अंक सांगा' असा निरोप आला की तो फसवणुकीचा समजावा. आपल्या ज्येष्ठ रुग्णांनाही हे आवर्जून सांगावे.

दवाखान्याचे काय?

वरील सर्व हिशेबांत एक रक्कम मी मांडलेली नाही, कारण ती रुपयांत मोजता येत नाही. ती म्हणजे चार दिवस बंद राहिलेल्या दवाखान्याची किंमत. शहरात ती डॉक्टरच्या बुडालेल्या उत्पन्नाएवढी असेल. येथे ती रुग्णाला भरावी लागते. तापाने फणफणलेले मूल घेऊन कॅसलरॉकच्या किंवा गुंदच्या बाजूने आलेल्या आईला दार बंद दिसले, तर तिच्यापुढे दांडेली, बेळगाव किंवा कारवारचा रस्ता उरतो. त्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे हा तिच्या घराचा खर्च असतो, आणि तो भरून काढणारा कोणताही पॉइंट नाही.

म्हणून सहलीचा काळ निवडताना विमानभाड्याआधी रुग्णांचा काळ पाहावा. जून ते सप्टेंबर हे महिने ताप, अतिसार आणि सर्पदंशाचे. त्या काळात डॉक्टरने आपली जागा सोडू नये. डिसेंबरअखेर हॉटेले महाग असतात. फेब्रुवारी हा महिना मात्र दोन्ही दृष्टींनी अनुकूल. हवा बरी, भाडे कमी, दवाखान्यात गर्दी कमी. पंधरा दिवस आधी फलक लावावा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना सहलीचे दिवस धरून पुरेशी औषधे लिहून द्यावीत. दिवस भरत आलेल्या गर्भवतींची नावे सरकारी रुग्णालयाला कळवावीत.

आणि यापुढचे पाऊल आपल्या मंडळाने उचलावे, अशी माझी विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून चार दिवस दुसऱ्याच्या दवाखान्यात आळीपाळीने बसायचे ठरवले, तर प्रत्येकाला चार दिवस निश्चिंतपणे बाहेर पडता येईल. वर्षारंभी एका कागदावर नावे आणि तारखा लिहिल्या की काम झाले. निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनीही एखादी सकाळ दिली, तर नव्या पिढीला त्यांच्या अनुभवाचा लाभ होईल. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि पहिल्या वर्षासाठी माझे चार दिवस गृहीत धरावेत.

सर्व वाचकांना सुखरूप प्रवासाच्या आणि त्याहून अधिक, सुखरूप परतीच्या शुभेच्छा. इत्यलम्.